3 किलो 200 ग्रॅमची मोहरी: इंग्लिश टॉय टेरियर कशी सांभाळावी

दर रविवारी सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी मी मोहरीला, म्हणजे माझ्या कुत्रीला, काट्यावर बसवते. पीठ मोजायचाच काटा, वर उथळ ताट, ताटात जुना टॉवेल. 3 किलो 200 ग्रॅम. आकडा वहीत टिपायचा, मग चहा. मी मँचेस्टरमध्ये फार्मासिस्ट आहे. लहान मुलांचे डोस वजनावर काढण्यात माझा दिवस जातो, आणि या जातीबद्दल सांगण्यासारखं सगळं त्या वहीतूनच सुरू होतं. मोहरीचे 100 ग्रॅम घटले, तर 60 किलोच्या बाईचं एका आठवड्यात जवळजवळ दोन किलो वजन उतरल्यासारखं आहे. डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसतं.

इंग्लिश टॉय टेरियर मँचेस्टर टेरियरच्याच घराण्यातली, फक्त आकाराने लहान. वजन पावणेतीन ते साडेतीन किलो, उंची 25 ते 30 सेंटीमीटर. रंग काळा कुळकुळीत आणि त्यावर गडद तांबूस, पण हे दोन रंग एकमेकांत मिसळत नाहीत, काठ मारल्यासारखे वेगळे राहतात. पुढच्या पायांवर अंगठा उमटावा तसा काळा ठसा, बोटांवर पेन्सिलीने ओढाव्यात तशा काळ्या रेघा. कान समईच्या ज्योतीसारखे, उभे आणि टोकाला निमुळते.

'टॉय' शब्दावर जाऊ नका. ही उंदीर मारणारी जात आहे. लंडनमध्ये 1848-49 च्या सुमारास टायनी नावाचा असाच एक काळा-तांबूस कुत्रा होता, वजन जेमतेम अडीच किलो. बनहिल रो या रस्त्यावरच्या ब्लू अँकर नावाच्या दारूच्या गुत्त्यात लोक पैजा लावत आणि त्याने तासाच्या आत 200 उंदीर मारले होते. गळ्यात पट्टा म्हणून बाईच्या हातातलं कडं घालत असत, इतका तो बारीक. खेळ क्रूर होता, पण ते रक्त आजही टिकून आहे. हीटन पार्कमध्ये खार दिसली की मोहरीच्या अंगातून वीज गेल्यासारखी होते आणि माझी हाक तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून रस्त्याजवळ दोरी कधीच सोडायची नाही. दोरी गळपट्ट्याला नको, छातीवरून जाणाऱ्या हार्नेसला लावा, कारण या कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते आणि एका हिसक्याने खोकला सुरू होतो. दिवसाला पाऊण ते एक तास फिरणं हवंच. पाऊस असेल त्या दिवशी मी उकडलेल्या चिकनचे वाटाण्याएवढे तुकडे टॉवेलच्या घड्यांत लपवते. वीस मिनिटं नाक चालवलं की ती फिरून आल्यासारखी दमते.

पिल्लू मिळायला वेळ लागतो. वर्षाला 300 पेक्षा कमी पिल्लांची नोंद होणाऱ्या देशी जातींची एक यादी ब्रिटनच्या केनेल क्लबने केली आहे, त्यात ही जात आहे. मी चौदा महिने थांबले. घाई करू नका. पिल्लू त्याच्या आईजवळ बघा. आई-बापाचे गुडघे तपासलेत का, ते विचारा. रक्त न गोठण्याचा फोन विलेब्रँड नावाचा आजार, लघवीत झँथिन नावाच्या पदार्थाचे खडे होण्याचा दोष आणि अमेरिकेतल्या टॉय मँचेस्टर टेरियरमध्ये दिसणारा, कोवळ्या वयात हृदय निकामी करणारा आजार, या तिन्हींसाठी डीएनए चाचण्या आहेत. जातीत नवं रक्त यावं म्हणून इथे तिकडची कुत्री याच जातीत नोंदवून घेतात, म्हणून हृदयाची ही शेवटची चाचणी महत्त्वाची. कागद दाखवायला कुरकुर करणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये, मग ते कितीही गोड असो.

आता खाणं. मोहरीला दिवसाला साधारण 220 किलोकॅलरी लागतात. आपली एक तेल लावलेली पोळी सव्वाशेच्या घरात जाते, म्हणजे पाहुण्याने प्रेमाने चारलेली एक पोळी तिचं अर्ध्याहून जास्त जेवण झाली. पिल्लू असताना दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्या, कारण पोट रिकामं राहिलं की रक्तातली साखर झपाट्याने उतरते. पिल्लू गळाठलं, थरथरलं, पाय लटपटले, तर बोटाने हिरड्यांना मध चोळा आणि तसंच डॉक्टरांकडे न्या.

मराठी घरातला मोठा धोका म्हणजे बेदाणा. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला, खिरीतला, लाडवातला. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड बंद पडू शकतात, आणि अमुक इतके चालतात असं कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाही. कांदेपोह्यांतला कांदाही नको, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आणि माझ्या धंद्यातली गोष्ट सांगते: दुखतंय म्हणून घरातली गोळी देऊ नका. आयबुप्रोफेनची 200 मिलिग्रॅमची एक गोळी मोहरीला किलोमागे 62 मिलिग्रॅम पडते. एवढ्याने पोटात व्रण पडून रक्त जाऊ शकतं.

हाडांबद्दल मी शिकले ते फार वाईट पद्धतीने. माझा नऊ वर्षांचा भाचा सांगलीहून आला होता. त्याने तिला उभ्याने कडेवर घेतलं होतं, दाराची बेल वाजली आणि तिने उडी मारली. फरशीवर 'टक्' असा आवाज आला, वाळकी काटकी मोडावी तसा. ती ओरडलीसुद्धा नाही, डावा पुढचा पाय उचलून माझ्याकडे बघत राहिली. दोन्ही हाडं मोडली होती. प्लेट बसवली, नंतर सहा आठवडे पिंजऱ्यात. टेरियरला सहा आठवडे एका जागी ठेवणं हे तिच्या मनाला किती जड जातं, ते मी रोज बघत होते. दोष भाच्याचा नव्हता, नियम मी सांगितला नव्हता. तेव्हापासून आमच्या घरी मुलं आधी जमिनीवर मांडी घालतात, मगच मोहरी त्यांच्या मांडीवर जाते. सोफ्याला फोमच्या पायऱ्या आहेत, गुळगुळीत फरशीवर चटया. विमा पिल्लू घरी आल्याच्या दिवशीच काढा.

मागच्या पायांवर वेगळी नजर ठेवा. चालता चालता दोन-चार पावलं लंगडी घालते, पाय झटकते आणि काही झालंच नाही अशी चालू लागते? ती गंमत नव्हे, गुडघ्याची वाटी सरकते आहे. डॉक्टर तिला एक ते चारपर्यंत पायरी देतात. पहिल्या पायरीला वजन आटोक्यात ठेवून पुष्कळदा भागतं.

दात रोज घासायचे. एवढ्याशा जबड्यात तेही 42 दात, मोठ्या कुत्र्याइतकेच, म्हणून दाटी होते आणि किटण लवकर धरतं. मी जेवणानंतर तिला मांडीवर पाठ माझ्याकडे करून बसवते, डाव्या हाताने ओठ वर सरकवते आणि सुळ्यापासून मागे लहान मुलाचा मऊ ब्रश गोल फिरवते. बाहेरची बाजू पुरे, आतली तिची जीभ सांभाळते. पेस्ट कुत्र्यांचीच घ्या, माणसांच्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे. सहा-सात महिन्यांचं झाल्यावर नव्या सुळ्याशेजारी दुधाचा सुळा तसाच दिसला तर तो काढून घ्यावा लागतो. भूल देण्याआधी दोन गोष्टी विचारा: किती तास उपाशी ठेवायचं, आणि टेबलावर अंग गरम कसं ठेवणार. इतकं लहान शरीर फार लवकर गार पडतं.

केसांचा त्रास नाही. आठवड्यातून एकदा रबरी ब्रश, त्यावरून मऊ फडकं, झालं. लघवीला जोर करते का, थेंब थेंब करते का, एवढं रोज बघा आणि पाणी भरपूर पिऊ द्या. मी तिच्या जेवणात दोन मोठे चमचे कोमट पाणी घालतेच.

थंडी मात्र या जातीला सोसत नाही. अंगावर एकच पातळ थर, आतली लव नाही. इथल्या पावसात नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ती कोटाशिवाय दाराबाहेर जात नाही, आल्या आल्या मी तिचं पोट आणि काखा कोरड्या करते. कानांच्या कडा कोरड्या पडतात, केस गळतात, त्याही बघत जा. त्यात दिवाळीचे आणि 5 नोव्हेंबरच्या इथल्या बॉनफायर नाइटचे फटाके पाठोपाठ येतात. त्या आठवड्यांत मी अंधार पडायच्या आत फिरवून आणते, पडदे ओढते, रेडिओ लावते.

आणि ती आईने पाठवलेल्या गोधडीत शिरते. ही कुत्री पांघरुणाखाली बीळ करून झोपतात, तळाशी, अगदी सपाट, वरून उंचवटाही कळत नाही. म्हणून आमच्या घरात कोणीही सोफ्यावर किंवा पलंगावर बसण्याआधी गोधडीवरून हात फिरवतो, आणि उबदार जागा लागली की दुसरीकडे बसतो.