विश्वासार्ह सॉफ्टवेअर आणि नेतृत्व: पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा निवडावा
चाचणी, फॉर्मल व्हेरिफिकेशन (कोड बरोबर असल्याची गणिती पडताळणी) आणि बिघाडांचे विश्लेषण हे विषय केवळ ऐच्छिक असतील, तर तो अभ्यासक्रम निःसंकोच बाजूला ठेवावा. १९९६ मध्ये एरियान ५ अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटभरातच नष्ट झाला, कारण एरियान ४ या आधीच्या अग्निबाणातून घेतलेल्या कोडमध्ये ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना ओव्हरफ्लो झाला, म्हणजे ती संख्या तिथे मावली नाही. पण जुनी गृहीतके नव्या उड्डाणमार्गासाठी तपासलीच गेली नाहीत, हा दोष निर्णयप्रक्रियेचाही होता. म्हणूनच नेतृत्वाचे शिक्षण व्याख्यानांपुरते नसावे. विद्यार्थ्याने गटाचा कोड रिव्ह्यू (एकमेकांच्या कोडची तपासणी) स्वतः चालवावा, रिलीज थांबवायची असल्यास त्याची कारणे लेखी मांडावीत आणि या निर्णयालाही गुण असावेत, अशी रचना शोधावी. अर्जापूर्वी माजी विद्यार्थ्यांकडून प्रकल्पाचे अहवाल मिळाल्यास अवश्य वाचावेत.