कॉक्लिअर इम्प्लांटने ऐकताना: स्विच-ऑननंतरच्या दिवसांसाठी मार्गदर्शन

कॉक्लिअर इम्प्लांट बसवल्याने बहिरेपण संपत नाही. आवाज टिपणारे बाहेरचे यंत्र, म्हणजे प्रोसेसर, कानावरून उतरवले, बॅटरी संपली किंवा तार तुटली, की माणूस पूर्वीइतकाच बहिरा असतो. प्रोसेसर लावलेला असतानाही गोंगाटात, लांबून किंवा एकाच वेळी अनेकजण बोलू लागल्यावर त्याला कमीच समजते. हे मान्य करून दिनक्रम आखला तर यंत्राचा पुरेपूर उपयोग होतो. ‘आता मला सगळे ऐकू यायलाच हवे’ असे धरून चालले, तर उत्तम चाललेले इम्प्लांटही निराशा पदरी टाकते. पुढील मजकूर मुख्यतः अशा प्रौढांसाठी आहे, ज्यांना बोलता येऊ लागल्यानंतर आयुष्यात केव्हातरी बहिरेपण आले आणि ज्यांची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे किंवा ठरली आहे. मी स्वतः इम्प्लांटनेच ऐकते, त्यामुळे जिथे माझे मत ठाम आहे तिथे ते तसेच ठामपणे लिहिले आहे.

सुरुवातीचा आवाज असा का येतो

श्रवणयंत्र आवाज मोठा करून कानात सोडते. इम्प्लांट तसे करत नाही. कानावरचा प्रोसेसर मायक्रोफोनने आवाज टिपतो, त्याचे वेगवेगळ्या कंप्रतांच्या पट्ट्यांत विभाजन करतो आणि लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेल्या कॉइलमधून ती माहिती त्वचेखालच्या भागाकडे पाठवतो. तिथून कॉक्लिआत, म्हणजे आतल्या कानाच्या शंखासारख्या भागात, सरकवलेल्या इलेक्ट्रोडांपर्यंत विजेचे सूक्ष्म स्पंद जातात आणि श्रवणाची नस थेट उत्तेजित होते. निरोगी कॉक्लिआत ध्वनीची माहिती नसेपर्यंत पोहोचवणाऱ्या सुमारे 3,500 आतील केसपेशी असतात. इम्प्लांटमध्ये त्यांचे काम बनावटीनुसार साधारण 12 ते 22 इलेक्ट्रोड करतात. शिवाय इलेक्ट्रोडांची माळ बहुधा कॉक्लिआच्या अगदी टोकापर्यंत पोहोचत नाही, आणि खालचे, जाड आवाज ओळखण्याची जागा नेमकी त्या टोकाकडे असते. म्हणूनच स्विच-ऑनच्या, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर प्रोसेसर पहिल्यांदा चालू करण्याच्या, दिवशी ओळखीचे आवाज बारीक, चिरके, यंत्रातून आल्यासारखे वाटतात. काहींना तर बोलण्याऐवजी नुसती टीं-टीं ऐकू येते. यात काही बिघडलेले नसते. मेंदूला नव्या संकेतांची सवय व्हायला आठवडे आणि महिने लागतात, सर्वांत जास्त सुधारणा साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांत ते वर्षभरात दिसते आणि त्यानंतरही ती हळूहळू चालू राहू शकते.

या काळात एकच नियम कसोशीने पाळावा: सकाळी उठल्यावर प्रोसेसर लावायचा आणि झोपताना काढायचा. ‘घरी कोणी नाही, मग कशाला लावू’ हा विचार सर्वांत महागात पडतो, कारण नळाचे पाणी, कागदाची सळसळ, स्वतःची पावले, दार लागण्याचा आवाज हे सगळे मेंदूला नव्याने ओळखायचे असते आणि ते एकांतातच नीट जमते. आजचे बहुतेक प्रोसेसर रोज किती तास वापर झाला याची नोंद स्वतःच ठेवतात, आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ती पाहतात.

मॅपिंगला जाताना

मॅपिंगमध्ये, म्हणजे प्रोसेसर आपल्या कानाला जुळवून घेताना, प्रत्येक इलेक्ट्रोडसाठी दोन पातळ्या ठरवल्या जातात: जेमतेम जाणवणारा आवाज आणि मोठा तरी सहन होणारा आवाज. पॅरिसमध्ये 1957 साली आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरिए यांनी श्रवणाच्या नसेला विजेने उत्तेजित करून पाहिले तेव्हापासून बराच काळ हे उत्तेजन एकाच वाहिनीने, म्हणजे संकेताच्या एकाच मार्गाने, दिले जात होते. त्यातून बोलण्याची लय कळे, ओठवाचनाला आधार मिळे, पण शब्द उलगडणे अवघड जाई. मेलबर्नमध्ये ग्रॅहम क्लार्क यांनी 1978 साली अनेक वाहिन्यांचे इम्प्लांट बसवले, आणि अशा बहुवाहिनी यंत्रांमुळे केवळ ऐकून बोलणे समजण्याचा मार्ग खुला झाला. आपले शब्द समजणे त्या वेगवेगळ्या वाहिन्यांवरच अवलंबून असते, म्हणून प्रत्येक वाहिनीची पातळी नीट बसवणे हे मॅपिंगचे खरे काम आहे, आणि ते आपल्या उत्तरांशिवाय होत नाही.

‘नीट ऐकू येत नाही’ या तक्रारीवरून ऑडिओलॉजिस्टला फारसे काही करता येत नाही. एक छोटी वही ठेवावी आणि तिच्यात नेमके लिहावे: भांडी एकमेकांवर आपटली की आवाज टोचतो, ‘साप’ आणि ‘शाप’ यांत फरक कळत नाही, मुलांचे बोलणे समजते, पण जाड आवाजाच्या पुरुषांचे पुटपुटल्यासारखे वाटते, स्वतःचाच आवाज घुमतो. अशा नोंदींवरून कोणत्या इलेक्ट्रोडकडे पाहायचे हे लगेच लक्षात येते. काही आवाजांबरोबर डोळ्याची पापणी किंवा गाल फडफडत असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता कळवावे. उत्तेजन चेहऱ्याच्या नसेपर्यंत पोहोचत असल्याचे ते लक्षण असू शकते आणि अनेकदा मॅपिंगमध्ये बदल करून ते थांबवता येते. आणखी एक आग्रहाचे सांगणे: सहन होत नाही म्हणून सगळाच आवाज कमी करून घेऊ नये. नव्याने मिळालेला मॅप, म्हणजे ठरवलेल्या पातळ्यांचा संच, सुरुवातीला कर्कश वाटला, तरी त्याला काही दिवस द्यावेत.

रोजचा सराव

सकाळी प्रोसेसर लावल्यावर सर्वप्रथम ‘आ, ई, ऊ, म्, स्, श्’ हे सहा ध्वनी कोणाकडून तरी तोंड झाकून म्हणवून घ्यावेत. खालच्या कंप्रतेपासून वरच्या कंप्रतेपर्यंतचा बोलण्याचा पट्टा या सहांमध्ये येतो. काल ऐकू येणारा ‘स्’ आज हरवला असेल, तर दोष ऐकण्यात नसून मायक्रोफोनच्या जाळीत किंवा कॉइलमध्ये असण्याची शक्यता आधी तपासावी.

त्यानंतर वीस ते तीस मिनिटांचा सराव पुरेसा आहे. दोन तास बसून थकण्यापेक्षा रोज थोडे बसणे बरे. पहिली पायरी म्हणजे मोजक्या पर्यायांतून ओळखणे. कागदावर चार शब्द लिहून ठेवावेत, समोरच्याने ओठ झाकून त्यांतला एक म्हणावा आणि आपण त्यावर बोट ठेवावे. सुरुवातीला लांबीने वेगळे शब्द घ्यावेत, जसे ‘घर’, ‘खिडकी’, ‘वर्तमानपत्र’. मग हळूहळू ‘ताट–दाट’, ‘मळ–नळ’ अशा, एका ध्वनीने बदलणाऱ्या जोड्यांकडे यावे. ओठ झाकताना हात तोंडावर दाबून धरला, तर आवाजच बदलतो, हे सरावाला बसणाऱ्याला सांगून ठेवावे. पातळ कापड ताणून धरले किंवा बाजूला बसून बोलले तर चालते. पुढची पायरी म्हणजे छापील मजकूर समोर ठेवून त्याचेच ध्वनिमुद्रण ऐकणे. परिच्छेद आधी वाचावा, मग वाचत-वाचत ऐकावा आणि शेवटी पुस्तक मिटून ऐकावा. दुसऱ्या कानाला श्रवणयंत्राने थोडेफार ऐकू येत असेल, तर सरावाच्या वेळी ते यंत्र काढून ठेवावे किंवा आवाज थेट प्रोसेसरकडे पाठवावा, अन्यथा जुना कानच सगळे काम करून टाकतो. एरवी मात्र दोन्ही कान वापरावेत.

ओठवाचन सोडू नये. ‘पार’, ‘बार’ आणि ‘मार’ हे तिन्ही शब्द ओठांवर सारखेच दिसतात, पण त्यांतला फरक आवाजातून मिळू शकतो; उलट आवाजात निसटलेला ध्वनी कित्येकदा ओठांवर सापडतो. ज्यांना खुणांची भाषा येते त्यांनी ती जपावी, आणि ज्यांना येत नाही त्यांनी शिकावी असे मला मनापासून वाटते. पोहताना, रात्री दिवा चालू असताना किंवा प्रोसेसर दुरुस्तीला गेलेला असताना हीच भाषा घरात संवाद चालू ठेवते.

गोंगाट आणि माणसे

शांत खोलीत उत्तम समजणाऱ्या माणसाला भरलेल्या दालनात काहीच समजत नाही, हे घरच्यांना पटकन पटत नाही. गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्यासाठी लागणारा बारीक तपशील मोजक्या इलेक्ट्रोडांतून पूर्ण पोहोचत नाही, एवढे कारण त्यांना सांगावे. उपाय बहुतेक जागेचेच असतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे 6 डेसिबलने उतरते, म्हणून दोन मीटरवरून एका मीटरवर सरकणे हाच पुष्कळदा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत चांगला इलाज ठरतो. पंखा, रस्ता किंवा स्वयंपाकघर पाठीमागे राहील आणि बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर उजेड पडेल अशी खुर्ची निवडावी. इम्प्लांट एकाच बाजूला असेल तर मंडळी त्या बाजूला येतील असे बसावे. एका कानाने आवाजाची दिशाही कळत नाही. म्हणून रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकून वळण्यावर विसंबू नये, दोन्हीकडे डोळ्यांनी पाहावे.

बैठकीत किंवा वर्गात दूरस्थ मायक्रोफोन वापरावा. बोलणाऱ्याने तो तोंडापासून वीतभर अंतरावर लावला की त्याचा आवाज थेट प्रोसेसरमध्ये येतो आणि खोलीतला गोंगाट मागे पडतो. हे उपकरण मागताना संकोच वाटतो खरा, पण अर्धी बैठक अंदाजाने काढण्यापेक्षा तो संकोच परवडतो.

न समजल्यावर ‘काय?’ असे विचारले, की समोरचा माणूस पूर्ण वाक्य अधिक मोठ्याने म्हणतो, आणि मोठ्याने म्हटल्यामुळे ते आणखी विस्कटते. त्याऐवजी जेवढे कळले तेवढे सांगून राहिलेलेच विचारावे. ‘गुरुवारी सातला फाईल घेऊन ये’ या वाक्यातली वेळ निसटली, तर ‘गुरुवारी फाईल आणते, पण किती वाजता?’ असे विचारावे. ‘सात’ आणि ‘आठ’ यांत ‘आ’ सारखाच असल्याने दुसऱ्यांदाही शंका राहू शकते. तेव्हा ‘सहानंतरचे सात ना?’ असे पडताळून घ्यावे किंवा बोटे दाखवायला सांगावे. वेळ, रक्कम, औषधाचे प्रमाण आणि पत्ता या गोष्टी लिहूनच घ्याव्यात. समजले नसताना मान डोलावणे ही जुन्या बहिरेपणाची सवय असते, ती प्रयत्नपूर्वक मोडावी लागते.

फोनची सुरुवात ओळखीच्या माणसापासून आणि ठरलेल्या विषयापासून करावी. ज्या प्रोसेसरचा मायक्रोफोन कानाच्या वर असतो, तिथे फोन कानाच्या भोकाशी धरून उपयोग नसतो. तो थोडा वर आणि मागे सरकवून आवाज स्पष्ट येतो ती जागा शोधावी. ब्लूटूथने किंवा टेलिकॉइलने (फोनचा चुंबकीय संकेत पकडणाऱ्या प्रोसेसरमधल्या कॉइलने) आवाज थेट येत असेल तर अधिक चांगले. संगीताबाबत धीर धरावा: ताल लवकर कळतो, स्वरांची उंची उशिरा कळते आणि काहींना ती कधीच पूर्वीसारखी कळत नाही. बहिरेपण येण्यापूर्वी पाठ असलेली, एक आवाज आणि एकच वाद्य असलेली गाणी आधी ऐकावीत.

सतत लक्ष देऊन ऐकण्याने येणारा थकवा खरा असतो. संध्याकाळी डोके जड झाले, तर घरच्यांना सांगून अर्धा तास प्रोसेसर काढून बसावे. मात्र सांगून काढावा. न सांगता काढला, तर मागून मारलेल्या हाकेला उत्तर न मिळाल्याने उगाच गैरसमज होतात.

यंत्राची निगा आणि रात्र

घाम आणि दमट हवा हे प्रोसेसरचे मोठे शत्रू आहेत. रात्री तो ओलावा शोषणाऱ्या डबीत ठेवावा आणि मायक्रोफोनची जाळी उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावी. झिंक-एअर बॅटरीला हवा लागते, म्हणून तिची चिकटपट्टी काढल्यावर काही मिनिटे थांबून मगच ती बसवावी. आवाज अचानक बंद झाला तर आधी बॅटरी, मग कॉइल आणि तार, मग निवडलेला प्रोग्रॅम या क्रमाने बदलून पाहावे. जादा तार आणि जादा बॅटरी पिशवीत कायम असावी. चुंबकाखालची त्वचा लाल होत असेल किंवा दुखत असेल, तर चुंबक बहुधा जास्त ताकदीचा आहे. तो कमी ताकदीचा करून घ्यावा, दुर्लक्ष केल्यास तिथे जखम होऊ शकते.

रात्री आपण पूर्ण बहिरे असतो. गादीखाली थरथरणारे घड्याळ, दिवा लुकलुकवणारी दारघंटी आणि धूर झाल्यास झगमगणारी व अंथरूण हलवणारी सूचनायंत्रणा ही खरेदी प्रोसेसरच्या पिशव्या-कव्हरांच्या आधी करावी.

दवाखान्यात

इम्प्लांटचे ओळखपत्र नेहमी जवळ असावे. एमआरआयच्या आधी इम्प्लांटचे नेमके मॉडेल सांगणे अत्यावश्यक आहे, कारण आतल्या चुंबकानुसार काही मॉडेलना तपासणी चालते, काहींना पट्टी बांधून किंवा चुंबक काढूनच चालते; प्रोसेसर मात्र त्या खोलीत कधीच न्यायचा नाही. कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, तर सर्जनला इम्प्लांटची कल्पना द्यावी. डोके आणि मानेच्या भागात मोनोपोलर कॉटरी (विजेने ऊतक कापण्याचे आणि रक्तस्राव थांबवण्याचे एक साधन) वापरल्यास इम्प्लांटला आणि नसेला इजा होऊ शकते. इम्प्लांटधारकांत मेनिंजायटिसचा, म्हणजे मेंदूच्या आवरणाला येणाऱ्या सुजेचा, धोका थोडा जास्त असल्याने न्यूमोकॉकल लस घेतली आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे, आणि ताप, तीव्र डोकेदुखी व मान आखडणे एकत्र दिसले तर त्याच तासाला दवाखाना गाठावा.

भरती होताना परिचारिकेला सांगून केस पेपरवर ठळक लिहून घ्यावे, की रुग्ण प्रोसेसरशिवाय ऐकू शकत नाही. भूल देईपर्यंत शक्य असल्यास तो कानावर राहू द्यावा, मग नाव लिहिलेल्या डबीत सोबतच्या माणसाकडे द्यावा आणि शुद्धीवर येताच पुन्हा लावावा. तोवर काय विचारायचे आणि काय सांगायचे, यासाठी उशाशी वही आणि पेन असावे.