बाजारातून आणलेली गाय आजारी पडू नये म्हणून काय करावे?

काष्टी, घोडेगाव किंवा लोणीच्या बाजारातून गाय टेम्पोत चढते तेव्हा धडधाकट असते. आठवडाभरात मात्र ताप, खोकला, नाकातून शेंबूड. व्यापाऱ्याने आजारी जनावर गळ्यात मारले, असे वाटते. पण पुष्कळदा दुखण्याचे मूळ प्रवासात असते.

भीती, तहान, दाटी आणि ऊन यांमुळे मूत्रपिंडाजवळच्या अधिवृक्क ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक स्रवते. जंतू शिरले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी एल-सिलेक्टिन नावाच्या प्रथिनाने रक्तवाहिनीची भिंत धरतात आणि तिच्यातून फुप्फुसात किंवा कासेत उतरतात. कॉर्टिसॉल वाढले की पेशीवरचे हेच प्रथिन घटते. मग रक्ताच्या तपासणीत न्यूट्रोफिल भरपूर दिसतात, पण फुप्फुसात हवे तितके पोहोचत नाहीत. रक्तातल्या लिम्फोसाइट या दुसऱ्या पांढऱ्या पेशीही कमी होतात. नाका-घशात एरवी निमूट राहणारे पाश्चुरेला जंतू हीच संधी साधतात.

१. ओळखीच्या गोठ्यातून गाय घेत असाल, तर पाश्चुरेला जंतूंमुळे होणाऱ्या घटसर्पाची लस प्रवासाच्या दोन-तीन आठवडे आधी तिथेच टोचून घ्या. बाजारातली गाय असेल, तर आल्या दिवशी लस, शिंगे काढणे, जंतनाशक असे सगळे एकदम उरकू नका. थकलेल्या शरीरात लस नीट लागू पडत नाही. साथ चालू असेल तर डॉक्टर सांगतील तसे.

२. उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे आणा. टेम्पोत वाळू किंवा भुसा पसरा, म्हणजे पाय घसरणार नाहीत.

३. उतरताच स्वच्छ पाणी, मग ओळखीची वैरण. पेंड आणि खुराक हळूहळू वाढवा.

४. तीन आठवडे वेगळी बांधा, पण दुसरी जनावरे दिसतील अशा अंतरावर. एकटे पडणे हाही गायीला ताणच आहे.

५. पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप मोजा. हे सर्वांत महत्त्वाचे, आणि हेच टाळले जाते. 101.5 अंश फॅरनहाइटच्या आसपास ठीक. 103 च्या वर गेला, किंवा रवंथ थांबले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा.

६. ताप उतरावा म्हणून डेक्सामेथासोनचे इंजेक्शन कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका. ते कॉर्टिसॉलसारखेच काम करते, म्हणजे आधीच दबलेल्या पेशी आणखी दबतात. गाय शेवटच्या महिन्यांत गाभण असेल, तर त्याने ती वेळेआधी विऊ शकते.