ली-एनफील्डचा साज चढवलेल्या एअर रायफलचे छर्रे भरकटत होते : माझा अनुभव

लक्षण असं : साइड-लीव्हर (बाजूच्या दांड्याने स्प्रिंग ताणायची) एअर रायफलला एसएमएलई मार्क ३ (जुनी ब्रिटिश लष्करी ली-एनफील्ड) सारखं थेट नळीच्या तोंडापर्यंतचं शिसवी लाकूड बसवलं. जुन्या साध्या दस्त्यात (बंदुकीच्या लाकडी भागात) १० मीटरवर छर्रे एकमेकांना चिकटून लागायचे. नव्यात चार-पाच नीट, मग एकदम दोन बोटं डावीकडे.

छर्रे बदलले, दुर्बिणीचे माउंट आवळले, नळी साफ केली. शून्य फरक. वैताग आला.

दोष नळीला टेकणाऱ्या लाकडात होता. स्प्रिंग गन दोन्ही दिशांनी झटका देते, त्यामुळे नळी प्रत्येक वेळी छर्रा सुटताना लाकडावर थोडी वेगळी टेकते.

आधी रायफल रिकामी आणि स्प्रिंग ताणलेली नाही ना, बघा. नळीला खालून लिपस्टिक फासा, दस्ता बसवून स्क्रू आवळा, परत उघडा. लाल डाग पडले तिथेच घासा. पीव्हीसी पाइपच्या तुकड्याला १२० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळला की खाच गोल राहते. दुहेरी घडीचं पोस्टकार्ड तोंडापासून ॲक्शनपर्यंत (नळीमागच्या यंत्रणेपर्यंत) न अडकता सरकेपर्यंत हेच चालू ठेवा. मग आतून जवसाचं तेल, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगून पुन्हा टेकतं.

नळीच्या तोंडाशी दस्त्यावर बसणारी धातूची टोपी फक्त लाकडालाच कसा. तिचं भोक मी नळीपेक्षा २ मिमी मोठं केलं. अस्सल बंदुकीत तसं नसतं, पण नेम महत्त्वाचा. शेवटी दस्त्याच्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिले होऊ न देणारं द्रव) लावून आलटून-पालटून आवळा आणि रात्रभर सुकू द्या.