इंटरनेट फोनच्या कामात येताय? आधी अपलोड मोजायला शिका

हिंगणघाट, वरोरा, वणी भागातल्या जिनिंग न् दालमिलच्या ऑफिसांत मी इंटरनेटवरचे फोन बसवतो, आणि डिप्लोमा झालेली गावाकडची पोरं नेहमी विचारतात का भाऊ, आधी काय शिकू. बहुतेक जण ॲस्टेरिस्क, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं टेलिफोन एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर टाकतात, दोन एक्स्टेन्शन (आतले फोन) एकमेकांना लावतात, आवाज आला की झालं. माझं म्हणणं, आधी अपलोडचा हिशोब शिका.

जी.७११ ही आवाजाचा डेटा करायची एक पद्धत (कोडेक), तीत नुसता आवाज ६४ केबीपीएस असतो, पण सेकंदाला ५० पॅकेट जातात आणि प्रत्येकाला आयपी-यूडीपी-आरटीपीचं ४० बाइटचं हेडर, म्हणजे पत्ता न् क्रमांकाची माहिती, वरून इथरनेटचं वेगळं, म्हणून एक कॉल एका बाजूला साधारण ८७ केबीपीएस खातो. डाउनलोड कितीही असू द्या, अपलोड १ एमबीपीएस असला तर कागदावर ११ कॉल बसतात, मी ७ च्या वर जाऊ देत नाही, कारण त्याच लाइनवरून ई-वे बिल निघतं न् कॅमेऱ्याचं फुटेज मालकाच्या मोबाइलवर जातं. आवाज जास्त दाबणाऱ्या जी.७२९ कोडेकने ८७ चे ३१ होतात खरे, पण शेतकरी मोबाइलवरून बोलतो, तो आवाज आधीच दाबलेला, परत दाबला की भाव एकोणसाठशे म्हटला का एकोणसत्तरशे ते कळत नाही, आणि कापसाच्या सौद्यात हे अजिबात चालत नाही.

आता मेन गोष्ट. लाइन भरल्यावर अजून एक कॉल आत घेतला तर तो एकटाच खराब होत नाही, चालू असलेल्या सगळ्यांचाच आवाज तुटतो, कारण उशिरा आलेलं पॅकेट फोनच्या काहीच कामाचं नसतं. म्हणून मर्यादा संपली की नव्या कॉलला सरळ बिझी द्यायचं, यालाच कॉल ॲडमिशन कंट्रोल म्हणतात, ॲस्टेरिस्कच्या डायलप्लॅनमध्ये (कॉल कुठे कसा जायचा त्या नियमांत) ग्रुप काउंटने, म्हणजे चालू कॉल मोजून होतं. मालक चिडतात, गिऱ्हाइकाला बिझी कसं काय देता म्हणून. त्यांना शांतपणे समजवा, ज्याचा फोन लागला त्याचं बोलणं पूर्ण झालंच पाहिजे. आणि एक कॉलची जागा बाहेर फोन करायला राखून ठेवाच, कापसाच्या गंजीला आग लागली तर अग्निशमनला फोन गेला पाहिजे.

राउटरवर आवाजाला डीएससीपी ४६ लावा, म्हणजे हे पॅकेट आधी सोडा असा पॅकेटवरचा शिक्का, पण पुढे नेटवाल्याकडे तो पाळला जाईलच असं धरू नका. खरा फरक पडतो तो अपलोडला ९०० केबीपीएसवर बांधल्याने, मग रांग मोडेमऐवजी तुमच्या राउटरमध्ये लागते न् तिथे आवाजाला पुढे काढता येतं.

तक्रार आली की वायरशार्कमध्ये, म्हणजे पॅकेट पकडून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आरटीपी स्ट्रीम्स (आवाजाच्या पॅकेटांचे प्रवाह) उघडा. कॉलला जाणारी न् येणारी अशा दोन असतात, एकच दिसली तर नॅट पाहा, म्हणजे राउटर आतले पत्ते बाहेरच्या पत्त्यात बदलतो ते. एक ध्यानात ठेवा, ऑफिसात पकडलेल्या, बाहेर जाणाऱ्या स्ट्रीममध्ये लॉस (हरवलेली पॅकेट) शून्यच दिसतो, पॅकेट अजून बाहेर पडलेलंच नसतं, समोरच्याला किती पोचलं ते समोरून येणाऱ्या आरटीसीपीच्या रिपोर्टमध्ये असतं.

सरावाला महागडं काही लागत नाही. घरच्या राउटरवर अपलोडला २०० केबीपीएसची मर्यादा घाला, बाहेरच्या सर्व्हरच्या एको टेस्टला (आपलाच आवाज परत ऐकवणारा नंबर) वायफायवरच्या दोन मोबाइलमधल्या इंटरनेट फोनच्या ॲपवरून, जी.७११ ठेवून, कॉल लावा, मग तिसरा लावा, आणि पहिल्या दोघांचा आवाज कसा होतो ते स्वतःच्या कानाने ऐका.