पुण्याहून फलटण : पालखी मार्गावर सायकलचा एक दिवस

पंढरपूर गाठायचं तर दोन-तीन दिवस हाताशी हवेत. पण माउलींच्या पालखी मार्गाची खरी ओळख एका दिवसातही होते. हडपसर, दिवे घाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, तरडगाव, फलटण असं हे साधारण ११० किलोमीटरचं अंतर आहे. तुकोबांची पालखी हडपसरला वेगळी होऊन लोणी काळभोरकडे वळते. तो रस्ता सपाट, म्हणून सोपा, असं अनेक जण सांगतात. ऐकू नका. सोलापूर महामार्गावरच्या अवजड गाड्यांच्या शेजारून दिवसभर सायकल चालवण्यापेक्षा एक घाट चढलेला कितीतरी बरा.

सायकल आदल्या दिवशी तपासलेली असणार, दोन जादा ट्यूब आणि पंप जवळ असणार, हे गृहीत धरतो. तारीख मात्र पालखीची सोडून निवडा. पालखी पुण्याहून सासवडला निघते त्या दिवशी घाट पायी वारकऱ्यांचा असतो. दिंडीच्या मागे घंटी वाजवत वाट मागणं शोभत नाही.

पहाटे पाचला निघा. हडपसर ओलांडलं की पुढे-मागे दिवे लावूनच वडकीपर्यंत जा, आणि इथे वेग वाढवायचा मोह टाळा. घाटात दमणारे बहुतेक जण घाटात दमलेले नसतातच. वाहतूक वाढायच्या आत पोचायचं म्हणून ते हडपसर-वडकी जीव तोडून मारतात आणि मांड्या भरलेल्या अवस्थेत चढाला लागतात. वडकीत पाच मिनिटं थांबा, एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू खा, दोन घोट पाणी प्या. साबुदाण्याची खिचडी खाऊन घाट चढू नका, ती पोटात दगडासारखी बसते. एकादशीचा उपवास असेल तर केळी आणि उकडलेला बटाटा बरा. निर्जळी करायची असेल तर सायकल दुसऱ्या दिवशी काढा.

घाट चारेक किलोमीटरचा आहे. सिंहगडासारखा छातीवर येत नाही, पण मध्ये उसंतही देत नाही. माउलींच्या रथालाही इथे जादा बैलजोड्या लावतात, तेव्हा हलका गिअर लावण्यात कमीपणा कसला? पुढे ३४ आणि मागे ३२ दातांची जोडी असेल तर कुणीही चढेल. गिअर बदलायची वेळ मात्र चुकवू नका. पुढची लहान चकती चढ सुरू होण्याआधी, पायावर जोर नसताना लावा. चढावर पॅडल दाबत असतानाच लिव्हर ओढली की चेन उतरते आणि फ्रेम आणि चकतीच्या मध्ये अडकते. मग पहाटेच्या अंधारात, ट्रकच्या उजेडात, काळ्या हातांनी ती ओढत बसावं लागतं.

‘एका दमात चढा, थांबलात की संपलं’ हा सल्ला सर्वांत वाईट. बोलताना वाक्य तुटणार नाही इतक्याच जोराने चला. पाय मिनिटाला ७० च्या आसपास फिरू द्या. ५० च्या खाली आले की गुडघ्यांवर भार येतो. डाव्या वळणाला आपण आतल्या बाजूला असतो आणि तिथे चढ अचानक उभा होतो, म्हणून वळणाच्या आधीच एक गिअर उतरा. उजवं वळण बाहेरून जातं, तिथे श्वास सावरून घ्या.

थांबायचं तर वळणावर कधीच नको. मागून येणाऱ्याला आपण शेवटच्या क्षणी दिसतो. सरळ पट्टा बघा, थांबण्याआधीच सर्वांत हलका गिअर लावून ठेवा. पुन्हा निघताना एक पॅडल घड्याळातल्या दोनच्या जागी आणा, त्यावर पूर्ण वजन टाका, मगच दुसरा पाय उचला. जड गिअरवर थांबलेला माणूस चढावर पुन्हा बसूच शकत नाही, ढकलत जातो.

वर विठ्ठलाची उंच मूर्ती आहे आणि खाली मस्तानी तलाव दिसतो. फोटो काढा, पण आधी विंडचीटर घाला. घामाने भिजलेल्या छातीला वरचा वारा बाधतो.

सासवडला नाश्ता.

जेजुरीला गड चढू नका. शेकडो पायऱ्या उतरून आलेल्या पोटऱ्यांत वाल्ह्याच्या आधीच गोळे येतात. दर्शन स्वतंत्र दिवशी घ्या, आज खालूनच हात जोडा. यापुढे ऊन लागतं, म्हणून नुसतं पाणी पीत राहू नका. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरसाठी असतं, म्हणजे ७५० मिलिलीटरच्या बाटलीत पाऊण पाकीट. अंदाजाने ओतलं तर जास्त खारट होतं आणि उलट तहान वाढते. दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट, तहान लागो न लागो.

नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा. इथेच माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. लोणंदला जेवण हलकं ठेवा, पिठलं-भाकरी आणि ताक पुरे. तिथून तरडगावकडे जाताना चांदोबाचा लिंब लागतो, पहिलं उभं रिंगण होतं ती जागा. पाच मिनिटं टेका, कारण पुढच्या वीसेक किलोमीटरला बसणीची खरी परीक्षा असते.

त्रास वाढला तर हट्ट करू नका. जेजुरी, नीरा आणि लोणंद ही पुणे-मिरज मार्गावरची स्टेशनं आहेत. फलटणहून परतीचा बेत आधीच ठरवा. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो. येताना पाठीशी असलेला तोच वारा जाताना तोंडावर येतो, त्यामुळे त्याच दिवशी सायकलवर परत फिरायचा विचार करू नका.