चुरशीच्या अधिवेशनाआधी काय तयार ठेवावे

अमेरिकेत एखाद्या पक्षाच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी लढणाऱ्या एकाही दावेदाराला, उमेदवार ठरवणाऱ्या राष्ट्रीय अधिवेशनापूर्वी तिथे मत देणाऱ्या प्रतिनिधींचे बहुमत गाठता येणार नाही असे दिसू लागले, की बंद खोलीतल्या सौद्यांची चर्चा रंगते. ते अधिवेशन खरोखर समजून घ्यायचे असेल, तर सर्वप्रथम पक्षाची नियमावली मिळवावी आणि तिच्यातले कोणते नियम अधिवेशनाला स्वतःच बदलता येतात, यावर खुणा करून ठेवाव्यात. रिपब्लिकन पक्षात मागच्या अधिवेशनाचे नियम नव्या अधिवेशनात तात्पुरतेच लागू असतात आणि नव्या नियमांवरचे मतदान उमेदवारीच्या मतदानाआधी होते. माझ्या मते खरी पहिली फेरी तीच.

त्यानंतर राज्यवार तक्ता करावा, आणि त्यात प्राथमिक निवडणुकीतील मतांची टक्केवारी सर्वांत शेवटच्या रकान्यात टाकावी. २०१६ मध्ये रिपब्लिकन प्रतिनिधी २,४७२ होते आणि बहुमताचा आकडा १,२३७ होता. पण दक्षिण कॅरोलायनात सुमारे एक तृतीयांश मतांवर डोनाल्ड ट्रम्प यांना सर्वच्या सर्व ५० प्रतिनिधी मिळाले, तर पेनसिल्व्हेनियातील ७१ पैकी ५४ प्रतिनिधी कोणत्याही ठरावीक दावेदाराला मत देण्यास बांधील नव्हते आणि मतपत्रिकेवर त्यांच्या नावापुढे ते कोणत्या दावेदाराचे, हेही छापलेले नव्हते. म्हणून तक्त्यात जागांची वाटणी कशी होते, प्रतिनिधी किती फेऱ्यांपर्यंत बांधील राहतात आणि त्या जागेवर बसणारी व्यक्ती कोण निवडते, असे तीन रकाने हवेतच. तिसरा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात, आणि नेमका तोच निर्णायक ठरू शकतो: त्या वर्षी ट्रम्प यांचे प्रतिस्पर्धी टेड क्रूझ यांच्या कार्यकर्त्यांनी राज्य अधिवेशनांमधून आपली माणसे ट्रम्प यांना बांधील असलेल्या जागांवरही निवडून आणली, कारण बंधन सुटताच, म्हणजे दुसऱ्या किंवा तिसऱ्या फेरीत, हीच माणसे मोकळेपणाने मत देणार होती. शिवाय नियमांवर मत देताना ती पहिल्या दिवसापासूनच मोकळी होती.

अधिवेशनाचे नियम आधी ठरवणाऱ्या नियम समितीची यादीही आधीच हाताशी असावी. रिपब्लिकन पक्षात प्रत्येक राज्यातून व प्रदेशातून एक पुरुष व एक स्त्री असे ११२ सदस्य तिच्यात असतात, आणि त्यांपैकी २८ जणांच्या सह्या झाल्या तर अल्पमताचा अहवाल, म्हणजे समितीत हरलेल्या बाजूचा प्रस्ताव, सभागृहापुढे आणता येतो. चाळिसावा नियम तर दोनदा वाचावा: २०१२ मध्ये तो असा कडक झाला की उमेदवारीसाठी नाव मांडायला किमान आठ राज्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत पाठीशी असावे लागे, त्याआधी पाच राज्यांतील आघाडी पुरत असे.

जुन्या उदाहरणांत १९७६ चे कॅन्सस सिटी अधिवेशन बारकाईने अभ्यासावे. रिपब्लिकन उमेदवारीसाठी लढणाऱ्या रोनाल्ड रेगन यांनी आपला उपाध्यक्षपदाचा साथीदार आधीच जाहीर केला होता आणि तेव्हाचे अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनाही तसे करायला भाग पाडणारा ‘१६-सी’ हा नियम त्यांच्या गोटाने मांडला. एका कलमाआडून ताकद अजमावण्याचा हा प्रयत्न होता. मिसिसिपीच्या प्रतिनिधींमध्ये एकमत नव्हते, तरी गटाने एकजुटीने मत देण्याच्या पद्धतीमुळे त्यांची सर्व ३० मते रेगन यांच्या विरोधात गेली. ठराव शंभराहून थोड्या अधिक मतांनी पडला आणि दुसऱ्या दिवशीच्या उमेदवारीच्या मतदानात फोर्ड १,१८७ विरुद्ध १,०७० असे जवळपास तेवढ्याच अंतराने जिंकले.

डेमोक्रॅटिक पक्षासाठी वेगळा कागद करावा: तेथे १५ टक्क्यांचा उंबरठा ओलांडणाऱ्यांत जागा प्रमाणात वाटल्या जातात, आणि २०१८ च्या बदलानंतर चुरस असेल तर सुपरडेलिगेटना, म्हणजे पदामुळे आपोआप प्रतिनिधी होणाऱ्या पक्षनेत्यांना, पहिल्या फेरीत मत नसते. बहुमत कोणाकडेच नसेल तर दुसऱ्या फेरीत त्यांचा शिरकाव होतो, त्यामुळे त्यांची नावे राज्यवार लिहून ठेवणे सोयीचे. प्रतिनिधीपदावरच वाद असलेल्या राज्यांचीही नोंद असावी. १९५२ च्या रिपब्लिकन अधिवेशनात टेक्सास व जॉर्जियाच्या वादग्रस्त जागांनी दावेदार रॉबर्ट टाफ्ट यांची बाजू लंगडी पडली आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ड्वाइट आयझेनहॉवर यांचा मार्ग मोकळा झाला.

शेवटी, आवाजी मतदानाऐवजी राज्यवार मोजणी मागण्यासाठी किती राज्ये लागतात, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहावा. २०१६ मध्ये क्लीव्हलँडच्या रिपब्लिकन अधिवेशनात सात राज्यांच्या प्रतिनिधींचे बहुमत लागत होते. नऊ राज्यांनी मागणी नोंदवली, पण तीन राज्यांनी ती मागे घेतल्याचे व्यासपीठावरून सांगण्यात आले आणि नियमांवर मोजणी झालीच नाही.